शेवटची पोळी

इंदूरच्या जुन्या वस्तीतील आमच्या वाड्यात रोजच्या स्वयंपाकाला एक ठरलेला क्रम असे. तव्यावरची पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. पहिलीवर तुपाचे बोट फिरे; शेवटची मात्र कोरडी, परातीत उरलेल्या कणकेची, आकाराने वेडीवाकडी. दुपारी पाने उचलल्यानंतर आमची आजी ती पोळी घेऊन मागील दारी जाई आणि 'यू, यू' अशी हाक घाली. माळव्यात ही चाल घरोघर होती. शेजारी तिला 'रोटी' म्हणत, आम्ही 'पोळी' म्हणत असू, एवढाच फरक. त्या पोळीकडे आम्ही मुलांनी कधी विशेष लक्ष दिले नाही. तिचा अर्थ कळावयास आम्हाला साठी उलटावी लागली, आणि त्याआधी एक मुके जनावर गमवावे लागले.

२०११ सालच्या दिवाळीत आमच्या घरचा मोत्या गेला. फराळासाठी आणलेल्या बेदाण्यांची पिशवी कपाटाच्या खालच्या फळीवर राहून गेली होती. ती त्याने निम्म्याहून अधिक संपवली. त्या रात्री त्याला उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी त्याने अन्न सोडले, तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. पशुवैद्यांनी रक्त तपासून मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे सांगितले आणि विचारले, "द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ले होते का?" आम्हाला तो प्रश्नच चमत्कारिक वाटला. बेदाणे म्हणजे देवाच्या नैवेद्याचा आणि आजाऱ्याच्या पथ्याचा पदार्थ. पाचव्या दिवशी मोत्या गेला. खरे सांगायचे तर सत्यनारायणाच्या प्रसादाचा बेदाणे घातलेला शिराही आम्ही त्याला स्वहस्ते कित्येकदा भरवला होता.

ज्या घराने चार पिढ्या कुत्र्याला घास घातला, त्या घराला हे ठाऊक कसे नव्हते? हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून राहिला. सरकारी नोकरीत प्रत्येक कागदाचा पूर्वेतिहास पाहण्याची खोड जडलेली. निवृत्तीनंतर या प्रश्नाचीही आम्ही जणू नस्तीच उघडली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कुत्र्याचा वाटा आपल्याकडे धर्मशास्त्राने ठरवून दिलेला होता. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात, म्हणजे वैश्वदेवाच्या बळिहरणात, शिजलेल्या अन्नातून घरच्यांच्या जेवणापूर्वी प्राणिमात्रांचे भाग काढले जात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांचा, सरमेच्या पुत्रांचा, उल्लेख आहे. पुढे श्याम आणि शबल या नावांनी त्यांच्यासाठी बळी ठेवण्याची चाल पडली. गोग्रास, काकबळी आणि श्वानबळी हे शब्द जुन्या घरांतून श्राद्धपक्षाच्या निमित्ताने आजही कानी पडतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुत्रा, कावळा आणि कृमी यांच्यासाठी अन्न जमिनीवर हलकेच ठेवावे असे सांगितले आहे. त्याच वाक्यात समाजाने बाहेर टाकलेली आणि व्याधिग्रस्त माणसेही त्याच पंक्तीला बसवली आहेत, हेही लपवून चालणार नाही. कुत्र्याला घास देणाऱ्या शास्त्राने माणसाला कुत्र्याच्या रांगेत उभे केले, ही त्या परंपरेची काळी बाजू आहे. तिचा अभिमान बाळगताना ही बाजू विसरू नये.

तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा वाटा उष्ट्याचा नव्हता. तो आधी काढलेला, स्वतंत्र, आणि सोवळ्यातील स्वयंपाकाचा होता. त्या स्वयंपाकात कांदा नाही, लसूण नाही. भात, साधे वरण, पोळी, फार तर थोडे तूप. आज पशुवैद्य कुत्र्यासाठी जे साधे घरगुती अन्न सांगतात, त्याच्याशी हा घास बहुतांशी जुळतो.

यावरून आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हालाही झाला होता. परंतु खंडोबाने तो दूर केला. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मानाचे स्थान आहे, आणि चंपाषष्ठीला बाजरीचा रोडगा, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा आणि लसूण यांचा नैवेद्य झाल्यावर त्यातील भाग कुत्र्यांना घालण्याची रीत आहे. चातुर्मासात वर्ज्य केलेला कांदा ज्या दिवशी माणसाच्या ताटात परत येतो, त्याच दिवशी तो देवाच्या कुत्र्यालाही मिळतो! भाव प्रेमाचाच, परंतु वैश्वदेवातील घास निर्धोक होता तो सोवळ्याच्या नियमामुळे, कुत्र्याच्या प्रकृतीच्या ज्ञानामुळे नव्हे, हे येथे स्पष्ट होते. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ती कथा सर्वांभूती एकच ईश्वर पाहण्याची आहे, आहारशास्त्राची नाही. फार स्निग्ध अन्नाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, असे आजचे वैद्यक सांगते. नामदेवांचा भाव घ्यावा, तुपाचे प्रमाण मात्र बेताचे ठेवावे.

माणसाची भाकरी कुत्र्याला मानवली कशी, याचेही उत्तर आता मिळाले आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिठूळ अन्न पचवणाऱ्या अमायलेज या विकराचे जनुक लांडग्यात दोन प्रतींत असते. कुत्र्यात ते चारपासून तीसपर्यंत प्रतींत आढळले. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या उकिरड्यावर व उंबऱ्यावर जगणाऱ्या प्राण्याचे पोटही पिढ्यान्पिढ्या बदलत गेले. कुत्र्याने आपल्यासाठी आपले पोट बदलले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र हा बदल धान्यापुरता झाला. आपल्या ताटातील प्रत्येक पदार्थाशी त्याने जुळवून घेतलेले नाही. आणि गैरसमज येथेच होतो. 'आम्ही खातो ते त्याला चालते' हे विधान पोळीबाबत खरे, म्हणून ते सर्वच पदार्थांबाबत खरे मानले गेले.

हाच समज एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्रयोगशाळांत शिरला. मात्र तेथे त्याची दिशा उलट होती. कुत्रा माणसाचे अन्न खातो, तेव्हा ते अन्न माणसाला पुरेसे आहे की नाही हे कुत्र्यावरून कळेल, असा तो विचार होता. पॅरिसमधील शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माझांदी याने १८१६ साली एका कुत्र्याला केवळ साखर आणि शुद्ध पाणी यांवर ठेवले. प्रारंभी तो आनंदाने खात होता. मग रोडावत गेला, त्याच्या डोळ्यांत व्रण पडले आणि सुमारे महिन्याभरात तो मेला. नुसत्या साखरेवर वा तेलावर जीव जगत नाही, अन्नात नत्रयुक्त घटकही लागतात, हे ज्ञान माणसाला अशा रीतीने मिळाले.

पुढे लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी १९१८-१९ च्या सुमारास कुत्र्याच्या पिलांना ओटची लापशी, पाव आणि दूध अशा आहारावर घरात बंदिस्त ठेवले, तेव्हा त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यावर हाडे सुधारली. ड जीवनसत्त्वाच्या शोधाचा हा पाया होय. आमच्या लहानपणी नाक दाबून आम्हाला जे दुर्गंधी तेल पाजले गेले, त्यामागे लंडनची ती पिले होती!

याच माळेतील एक कथा आपल्या अधिक जवळची आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग होता: उन्हाने कातडी काळवंडते, अतिसार होतो, बुद्धीला भ्रम होतो. तेथील कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा रोग होई. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९२० च्या दशकात त्या गरिबांच्यासारखाच आहार कुत्र्यांना घालून ही काळी जीभ उत्पन्न केली आणि दोन्ही रोग मुळात एकच असल्याचे दाखवले. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली, आणि लवकरच तेच औषध माणसांनाही लागू पडले.

परंतु दख्खनमध्ये पेलाग्रा होई तो मका न खाणाऱ्यांना. ज्वारी खाणाऱ्या, आणि जवळजवळ ज्वारीच खाणाऱ्या, शेतमजुरांत तो दिसे. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला आली. पुढे तीच राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तेथे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९६० साली त्यांनी ज्वारीतील ल्यूसिन या घटकाच्या आधिक्याकडे बोट दाखवले, आणि १९६५ साली भवानी बेलवाडी व गोपालन यांनी ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांत काळी जीभ उत्पन्न झाल्याचे प्रसिद्ध केले. ल्यूसिनविषयी पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण मुख्य गोष्ट टिकून राहिली. ज्वारी वाईट नव्हती. ज्वारीशिवाय दुसरे काही न मिळणे वाईट होते. ज्या भाकरीच्या आठवणीने मराठवाडा, सोलापूर आणि बेळगावकडील माणूस परमुलखात हळवा होतो, तिच्या एकटेपणातील उणेपणाची साक्ष हैदराबादच्या कुत्र्यांनी दिली. सोबत डाळ, भाजी, ताक असावे, हे आपल्या घरांत चालीने होते. मजुराच्या घरी ते ऐपतीने नव्हते.

आणखी एक साक्ष मैद्याची. इंग्लंडमध्ये पीठ पांढरेशुभ्र व पावास योग्य व्हावे म्हणून १९२० च्या दशकापासून त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइड या वायूची प्रक्रिया करीत. तिला 'एजीन' हे व्यापारी नाव होते. त्याच काळात कुत्र्यांत एक विचित्र विकार वाढला. चांगला कुत्रा अकस्मात भेदरून सैरावैरा धावे, आदळे, झटके येऊन पडे. कोणी जंतांना दोष दिला, कोणी जीवनसत्त्वांच्या अभावाला. १९४६ साली त्याच मेलनबी यांनी प्रक्रिया केलेले पीठ खाऊ घालून हा विकार उत्पन्न करून दाखवला. माणसाला त्यापासून अपाय होतो असे सिद्ध झाले नाही; तरीही अमेरिकेने १९४९ साली आणि इंग्लंडने १९५० च्या दशकाच्या मध्यास ती प्रक्रिया बंद केली. कुत्र्याने आपला पाव तपासून दिला. त्याची किंमत त्यानेच भरली.

येथवरचा इतिहास वाचल्यावर आम्हाला एक विषमता जाणवली. कुत्र्याच्या ताटावरून आपण आपल्या अन्नाविषयी शंभर-दीडशे वर्षे शिकत होतो. आपल्या ताटातील काय त्याला बाधते, हा प्रश्न मात्र फार उशिरा आणि तुटकपणे विचारला गेला. कांद्याचे उदाहरण घ्या. कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांना रक्तक्षय होतो, हे अमेरिकेतील डब्ल्यू. एच. सेब्रेल यांनी १९३० साली लिहून ठेवले. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात आणि त्या फुटू लागतात. कांदा शिजवल्याने, तळल्याने वा वाळवून पूड केल्याने हा गुण जात नाही. लसूण त्याच कुळातील आणि त्याच गुणाचा आहे. कुत्र्याच्या वजनाच्या सुमारे अर्धा टक्का कांदा बाधक ठरू शकतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला पन्नास ग्रॅम, एक लहानसा कांदा. परिणाम दिसतो तो तीन-चार दिवसांनी, तेव्हा आपण 'उन्हाने ग्लानी आली' म्हणून मोकळे होतो.

आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या विलंबात आहे. बाधा आज, लक्षण परवा; त्यामुळे कार्यकारणाचा धागा हाती येत नाही. शिवाय जुन्या काळी कुत्रा दारचा असे, घरातला नव्हे. तो कोठेतरी जाऊन मरे, आणि त्याचे कारण विचारणारा कोणी नसे. बेदाणेही घरात मोजके, सणापुरते येत.

द्राक्षे आणि बेदाणे यांची गोष्ट तर अगदी अलीकडची. अमेरिकेतील प्राणी-विषबाधा केंद्राकडे येणाऱ्या तक्रारींच्या संगणकीय नोंदी एकत्र पाहताना, द्राक्षे वा बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे तेथील पशुवैद्यांच्या ध्यानी आले, आणि २००१ साली त्यांनी ते पत्ररूपाने प्रसिद्ध केले. म्हणजे आमच्या मोत्याच्या आधी केवळ दहा वर्षे! एखादा कुत्रा मूठभर बेदाणे पचवी, दुसरा थोडक्याने मरे. त्यामुळे कारण वीस वर्षे गूढ राहिले. एका घरी खेळण्याची घरगुती लगदी खाऊन कुत्रा दगावला, तिच्यात क्रीम ऑफ टार्टर होते. तेथून धागा मिळाला आणि २०२१ साली टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवण्यात आले. द्राक्षात त्याचे प्रमाण जातीनुसार व पिकण्यानुसार बदलते.

हे वाचून आम्ही क्षणभर थबकलो. कारण टार्टारिक आम्लाचा आपल्या स्वयंपाकघरातील मोठा साठा द्राक्षात नसून चिंचेत आहे. २०२२ साली त्याच अभ्यासकांनी चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांची उदाहरणे प्रसिद्ध केली. चिंचगुळाची आमटी, अळूचे फतफते, लग्नाच्या पंगतीतले पंचामृत: आपल्या पानातील ज्या पदार्थांवर आपण जीव टाकतो, नेमके तेच पदार्थ मोत्याच्या जातीला वर्ज्य निघाले. चमचाभर आमटीने प्रत्येक कुत्रा दगावतो असे नव्हे. पण सुरक्षित प्रमाण अद्याप ठरलेले नाही, तेव्हा न देणे हेच शहाणपण.

चॉकलेटचे तत्त्व असेच वेगळ्या गतीचे आहे. त्यातील थिओब्रोमीन माणसाच्या शरीरातून काही तासांत उतरते. कुत्र्यात त्याचे निम्मे प्रमाण उतरण्यासच सुमारे साडेसतरा तास लागतात. दहा किलोच्या कुत्र्याला दहा ग्रॅम कोकोपूडही त्रासदायक ठरू शकते. चहा-कॉफीतील कॅफीन याच कुळातले, म्हणून बशीतला चहा मोत्याला पाजण्याचे कौतुक आता पुरे करावे. सर्वांत नवा शत्रू म्हणजे झायलिटॉल, बिनसाखरेच्या गोळ्या, च्युइंगम आणि काही गोड पदार्थांत साखरेऐवजी घालतात ते. माणसाला ते निर्धोक. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते इन्सुलिनचा लोंढा सोडते, रक्तातील साखर अर्ध्या तासातही खाली येऊ शकते, आणि अधिक प्रमाणात यकृत निकामी होते. आता घराघरांत मधुमेही आहेत; त्यांच्या उशाजवळचा डबा कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही, हे पाहिले पाहिजे.

मग द्यावे तरी काय? याचे उत्तर फार साधे आहे. फोडणी आणि मसाला पडण्यापूर्वी काढून ठेवलेला भात व वरण, कोरडी पोळी किंवा भाकरी, उकडलेले अंडे, ज्यांच्याकडे चालते त्यांनी हाडाविना उकडलेले मांस, लाल भोपळा, गाजर, थोडे दही. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. शिजलेली हाडे ठिसूळ होऊन तुटतात आणि आतडे फाडतात. ती देऊ नयेत. आणि हैदराबादचा धडा येथेही लागू आहे: नुसत्या पोळीवर वा नुसत्या भातावर कुत्राही नीट जगत नाही. पाळलेल्या कुत्र्याचा पूर्ण आहार पशुवैद्यास विचारूनच ठरवावा. अपथ्य पोटात गेल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता त्याला घेऊन निघावे. आम्ही दोन दिवस वाट पाहिली, हे शल्य आजही जात नाही.

सारांश, आपल्या परंपरेने कुत्र्याचा हक्क ओळखला होता, प्रकृती ओळखली नव्हती. विज्ञानाने त्याची प्रकृती ओळखली, तीही आधी आपल्या गरजेसाठी आणि मग त्याच्यासाठी. या दोहोंच्या मध्ये आमची पिढी उभी राहिली आणि तिने सोपा मार्ग धरला: वैश्वदेव सोडला, शेवटची पोळी सोडली, आणि पानात उरलेले सर्व एकत्र कालवून 'वाया जाऊ नये' म्हणून कुत्र्यापुढे लोटले. वाट्याचे उष्टे झाले, आणि त्या उष्ट्यात कांदा, लसूण, चिंच, बेदाणे सर्व काही आले.

गेल्या वर्षी आमच्या नातवाने एक पिलू घरी आणले. सूनबाईंनी स्वयंपाकघरात एक लहान पातेले वेगळे केले आहे. फोडणीपूर्वी त्यात वरणभात काढला जातो. आणि तव्यावरची शेवटची पोळी पुन्हा सुरू झाली आहे, कोरडी, वेडीवाकडी. ती घेऊन मागील दारी जाण्याचे काम नातवाने आमच्याकडे सोपवले आहे. आजीची 'यू, यू' ही हाक आमच्या तोंडून तितकीशी ठसक्यात निघत नाही; पण पिलू येते.